पांदणीतला लेग गार्ड

आमच्याकडे मोटरसायकल पडते ती बहुतेक वेळा उभ्याउभ्या. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की शेतात जाणाऱ्या पांदणीवरची काळी माती पाणी पिऊन फुगते. ती टायरला चिकटते, टायरबरोबर फिरत वर जाते आणि पुढच्या मडगार्डच्या पोटात थापली जाते. थोडं अंतर गेलं की पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मागचं चाक ढकलत राहतं, हँडल ऐकत नाही, पाय टेकवावा तर पायाखालीही तोच चिखल. गाडी आडवी होते. वेग म्हणाल तर शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतकाच. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर कितीतरी शेतकरी पुढचं मडगार्ड काढून गोठ्यात टांगून ठेवतात आणि पांदण वाळल्यावर, कापूस वेचणीच्या सुमारास, परत लावतात.

मी जनावरांचं काम करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात, अरुणावती नदीच्या काठच्या गावांतून फिरतो. गाय माजावर आली की मालकाचा फोन येतो, आणि रस्ता सुकेपर्यंत थांबायची सोय नसते. गाडीला मागे नायट्रोजनचं भांडं बांधलेलं असतं. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात वीर्याच्या कांड्या. भांडं कलंडलं आणि नायट्रोजन उडून गेला तर आतलं सगळं वाया. त्यामुळे गाडी कशी पडते आणि पडल्यावर कशावर टेकते, हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. लेग गार्ड, म्हणजे इंजिनापुढे दोन्ही अंगांना बाहेर आलेला लोखंडी पाइपाचा वळसा, हा विषय दुकानात डेकोरेशनच्या कप्प्यात असतो, सीट कव्हर आणि स्टिकरच्या शेजारी. ती जागा त्याची नाही असं मला मनापासून वाटतं. खेड्यात तो माणसाच्या पायाचा आणि हातातल्या हंगामाचा विषय आहे.

शंभर सीसीची साधी गाडी एकशे दहा-बारा किलोंची असते, बुलेट दोनशेच्या घरात. ती डाव्या अंगावर पडली की हँडलचं टोक आणि फुटरेस्ट आधी टेकतात, मग गिअरचा लिव्हर आत दबतो आणि मॅग्नेटच्या कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डाव्या झाकणावर, जातो. उजवीकडे पडली तर ब्रेकचं पेडल क्लचच्या कव्हरकडे वाकतं, आणि बहुतेक गाड्यांचा तापलेला सायलेन्सरही त्याच बाजूला. ही कव्हरं ॲल्युमिनियमची, ओतीव. लोखंडासारखी वाकत नाहीत, तडकतात. या लहान इंजिनात तेल असतं एक लिटरच्या आसपास. तडकेतून ते ठिबकत राहिलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर घरी पोहोचेपर्यंत इंजिन जाम होतं.

आणि या सगळ्याच्या मधे पाय असतो. पायाची नळी इंजिन आणि जमीन यांच्यात सापडते. वेग नव्हता म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही. आमच्या गावात एका शेतकऱ्याच्या नळीत रॉड टाकावा लागला तेव्हा जून महिना होता. बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्या होत्या. भावकीनं पेरून दिलं, पण पेरणीनंतरची डवरणी, निंदण, फवारणी ही कामं कोणी कोणाची किती दिवस करणार? त्या वर्षी त्याचं सोयाबीन तणात गेलं. गाडीचा खर्च किरकोळ होता, एक लिव्हर आणि इंडिकेटर. नुकसान झालं ते शेतात.

गार्डनं साधायचं असतं ते एवढंच की गाडी आणि जमीन यांच्यात पायापुरती जागा राहावी. गाडी आडवी झाली की गार्डचा बाहेर आलेला वळसा, मागचा फुटरेस्ट आणि हँडलचं टोक यांच्यावर ती टेकली पाहिजे. मग खाली एक पोकळी उरते. पाय त्या पोकळीत असला तर बाहेर काढता येतो, कव्हर वाचतं, पेडल वाचतं, आणि माणूस गाडी उचलून पुढे जातो. हे जमण्यासाठी गार्ड इंजिनाच्या कव्हरांपेक्षा थोडा बाहेर यायला हवा आणि तो योग्य उंचीवर हवा. बाजारातले काही गार्ड इतके अरुंद असतात की गाडी पडल्यावर आधी लिव्हरच टेकतो आणि गार्ड जमिनीपासून चार बोटं वर राहतो. नवा गार्ड लावला की टाकीत पेट्रोल कमी असताना दोघांनी गाडी धरून हळूच पोत्यांवर कलती करून पाहावी. काय आधी टेकतं ते डोळ्यांना दिसतं. दोन्ही बाजूंनी पाहावी, कारण काही गार्ड एका अंगाला कमी बाहेर आलेले असतात.

उलट गार्ड फार रुंद असला तरी पांदणीत त्याचा जाच होतो. दोन्हीकडून वाढलेली पराटी, म्हणजे कपाशी, आणि तूर त्यात अडकते. धुऱ्यावरच्या बाभळीचं खोड चुकवताना हँडल पार होतं आणि गार्ड अडतो. तो अडला की गाडी जागच्या जागी गिरकी घेते. हँडलच्या रुंदीच्या आत राहील इतकाच गार्ड आमच्या रस्त्यांना पुरतो.

मला यातलं खरं शिकवलं ते तालुक्याच्या एका मिस्तरीनं. मी त्याच्याकडे दोन गार्ड हातात घेऊन तोलून पाहत होतो. तो म्हणाला, "डॉक्टरसायेब, पाइपाकडे कायले पाहता? बोल्ट पाहा. गार्ड वाकला तं गार्डच जाते. फाउंडेशन फाटलं तं इंजिन खाली उतरवा लागते." ज्या बोल्टांनी इंजिन चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरलेलं असतं त्यांना आमच्याकडे फाउंडेशन बोल्ट म्हणतात. बरेच गार्ड तिथेच कसतात: कंपनीचा बोल्ट काढायचा आणि गार्डची पट्टी मधे धरून लांब बोल्ट घालायचा. आता हा लांब बोल्ट कसला आहे यावर सगळं अवलंबून. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला असतो. पहिला आकडा सांगतो की त्याची ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कलची आहे, आणि दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत तो ताणून कायमचा लांब होणार नाही. ४.६ चा मऊ बोल्ट याच्या निम्म्याचाच. दोन्ही दिसायला सारखे. गार्डच्या खोक्यात कधी कधी बिनआकड्याचा बोल्ट येतो, आणि तो जातो नेमका त्या जागी जिथे अख्खं इंजिन टांगलेलं आहे.

चेसीच्या पुढच्या उतरत्या पाइपला यू क्लॅम्पनं आवळायचे गार्डही असतात. ते इंजिनाला हात लावत नाहीत ही त्यांची चांगली बाजू. पण क्लॅम्प फिरतो. गाडी पडली की गार्ड पाइपाभोवती सरकतो आणि त्याचा वळसा मागे येऊन पायावर बसतो, म्हणजे ज्यासाठी लावला त्याच्या नेमकं उलट. म्हणून कसायच्या जागा दोनपेक्षा जास्त असाव्यात, वर आणि खाली, आणि डावा-उजवा भाग मधून आडव्या पट्टीनं जोडलेला असावा. एका बाजूचा मार मग एकाच बोल्टवर येत नाही.

मजबुतीबद्दल आमच्या लोकांचा एक हट्ट आहे. गार्ड म्हणजे जाड हवा, जड हवा. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन पाण्याच्या जाड पाइपाचा गार्ड वळवून घेणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले. ट्रॉली जोडणाऱ्या हातानं तो वेल्ड केलेला असतो, आणि तो वाकत नाही हे खरंच आहे. अडचण तिथेच आहे. मार कुठेतरी जिरला पाहिजे. गार्ड वाकला तर तो गार्डमध्ये जिरतो. गार्ड वाकायला तयारच नसेल तर मार पट्टीतून बोल्टात आणि बोल्टातून चेसीच्या कानात जातो. चेसी वाकली की हँडल आणि चाक एका रेषेत राहत नाहीत, आणि ती सरळ करणं गावातल्या गॅरेजचं काम नव्हे. साध्या गाडीला बावीस-पंचवीस मिलिमीटर व्यासाचा, दोनेक मिलिमीटर जाडीचा पाइप पुरतो. वाकायला अवघड करायचा असेल तर तेच लोखंड थोड्या मोठ्या व्यासाच्या पाइपात वापरलेलं जास्त उपयोगी पडतं, नुसती जाडी वाढवण्यापेक्षा. पाइपाचं तोंड प्लास्टिकच्या बुचानं बंद केलेलं असतं. ते बूच काढून जाडी बघायला दुकानदार नाही म्हणाला तर मी तिथून उठतो.

चकाकीचंही तसंच. क्रोमचा मुलामा वरून असतो, आतून पाइप कोराच. पावसाचं पाणी आत शिरून साचतं आणि पाइप आतून खात जातो. बाहेरून आरशासारखा गार्ड पहिल्याच पडण्यात बोटानं दाबावा तसा दबला, असं पाहिल्यापासून मी तळाशी पाणी निघायला बारीक भोक असलेलाच गार्ड घेतो.

पोरांमध्ये हल्ली फ्रेम स्लायडर आले आहेत. ड्युक, पल्सर, आर-१५ वाली पोरं इंजिनाच्या दोन्ही अंगांना नायलॉनचे किंवा डेल्रिन नावाच्या टणक प्लास्टिकचे गोल ठोकळे लावतात. कल्पना रेसच्या ट्रॅकवरची आहे. तिथे गाडी वळणावर आडवी होते आणि कोरड्या, सपाट डांबरावरून लांब घसरत जाते. ठोकळा घासत झिजतो, फेअरिंग म्हणजे गाडीवरचं प्लास्टिकचं कवच आणि इंजिन वाचतं. माल निसरडा असला पाहिजे; रबरी किंवा फार मऊ असेल तर तो डांबराला धरतो आणि घसरणारी गाडी उलटते. आमच्या रस्त्याचं डांबर मात्र एका गाडीपुरतं, त्याला लागून मुरमाची साइडपट्टी आणि पुढे नांगरलेलं काळं शेत. घसरलेली गाडी क्षणात डांबर सोडते. मऊ मातीत तो ठोकळा गोऱ्हा बांधायच्या खुंटीसारखा रुततो, आणि गाडीचं सगळं वजन त्या एका बोल्टावर पिळा देतं. शहरात दारासमोर उभी गाडी कोणी पाडली तर स्लायडर काम करतो, हायवेवरही करत असेल. पांदणीत मी तो कोणाला सुचवत नाही.

गार्डचा आमच्याकडचा दुसरा उपयोग सामानाचा. त्यावर पिशव्या लटकतात, फवारणीच्या पंपाची नळी गुंडाळली जाते, युरियाची ४५ किलोची थैली टाकी आणि गार्ड यांच्या आधारानं पुढे ठेवली जाते. मी कोणाला दोष देत नाही. बैलबंडी कमी झाली, टेम्पो परवडत नाही, आणि थैली तर शेतात न्यायचीच आहे. पण रोजच्या हादऱ्यानं वेल्डिंगच्या टाक्याला आधी केसाएवढी चीर जाते, आणि ती रंगाखाली दिसत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी गार्ड धुऊन टाक्यांवरून बोट फिरवावं, नट आवळावेत. मोकळ्या सरळ रस्त्यावर गार्डवर पाय लांब करून बसायची सवय तर मोडायलाच हवी. तिथून ब्रेकच्या पेडलपर्यंत पाय यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात तुरीतून निघालेला रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्याच्या मधोमध आलेला असतो.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट सांगतो. पांदण संपते आणि डांबर लागतं, मग पुढे आर्णी-महागावकडे नागपूर-तुळजापूर हायवे लागतो. चौपदरी, गुळगुळीत. तीच गाडी, तोच माणूस, तोच गार्ड. पांदणीत ज्या गार्डनं पाय वाचवला त्याच्यावर हायवेवरही भरवसा टाकावासा वाटतो, आणि इथे हिशोब बदलतो. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आणि त्यांच्या चमूनं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या लेग गार्डबद्दल, त्यांचा निष्कर्ष असा की इजा टाळायला तो परिणामकारक उपाय नाही: घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी झाल्या, पण तेवढ्याच नळीच्या, गुडघ्याच्या आणि मांडीच्या वाढल्या. ते रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या, आणि समोरून येणाऱ्या बहुतेक मोटारी होत्या. तरी धडकेचं गणित इथेही तेच राहतं. वेगातल्या धडकेत गाडी थांबते आणि माणूस पुढे जात राहतो. जाताना त्याचा गुडघा आणि मांडी ज्यावर आपटते त्या वस्तूंत गार्ड असतो. त्याच अहवालात डोक्याच्या इजेबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की ती टाळणारी किंवा कमी करणारी एकच निर्णायक गोष्ट म्हणजे हेल्मेट.

आमच्या भागात कापसाच्या दिवसांत रात्री ट्रॉल्या चालतात. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, कापूस बाहेर आलेला. माझ्या ओळखीचा एक तरुण अशा उभ्या ट्रॉलीवर मागून गेला. त्याच्या गाडीला लावलेला गार्ड मी ओळखतो, त्यानं तो मला विचारूनच घेतला होता. चांगला गार्ड होता, नीट कसलेला. दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली तर इंजिनाची कव्हरं शाबूत होती आणि पायांना फारसं लागलेलं नव्हतं, असं त्याला उचलणाऱ्यांनी सांगितलं. डोक्यावर काही नव्हतं. हेल्मेट घरात होतं, खुंटीला. त्याची आई अजून मला फोन करते, म्हशीच्या निमित्तानं. त्या दिवसापासून कोणी गार्डबद्दल विचारलं की मी आधी हेल्मेटबद्दल विचारतो. आहे म्हणाला तर आयएसआयचा शिक्का आहे का, पट्टा लावतो का, हेही विचारतो. काही लोकांना ते आवडत नाही. विचारायचं मी थांबवणार नाही.

मागे बसणाऱ्या बाईचाही विचार करायला हवा. ती एका अंगाला, डावीकडे दोन्ही पाय सोडून बसते, मांडीवर बहुतेक वेळा लेकरू. साडीचा पदर, ओढणी, लेकराचं पाऊल, यातलं काहीही मागच्या चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला हाताची पकड, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. साडी गार्ड म्हणजे तेच. गाडी नवी येते तेव्हा तो असतो. मग पोरं तो काढतात, गाडी मोकळी दिसावी म्हणून, आणि त्याच दिवशी पुढे चमकता लेग गार्ड लावतात. ज्याच्या पायात बूट आहे त्याच्यासाठी संरक्षण वाढलं, आणि जिच्या पायात चप्पल आहे तिचं गेलं. हे मला फार लागतं. ज्या घरात साडी गार्ड काढलेला दिसतो तिथे मी तो परत लावायला सांगतो, आणि जाळी दाट असलेला लावा असं सांगतो, म्हणजे लेकराचं पाऊलही आत जात नाही.

पोलीस लेग गार्ड काढायला लावतात का, असं बरेच जण विचारतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरच्या अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून ही धास्ती आहे. त्या पत्रामागची काळजी पायी चालणाऱ्यांची आणि गाडीत बसलेल्यांची होती. जीप-कारच्या पुढे लावलेला लोखंडी बार माणसाला जास्त मार देतो, आणि धडकेचा जोर बदलल्यानं एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो. मोटरसायकलवाल्यानं त्यातून घ्यायचं ते एवढंच की गार्डला टोकं, धारदार पट्ट्या, पुढे आलेले खिळे नसावेत. ज्याला आपली गाडी लागेल तोही माणूसच आहे.

मागच्या पावसाळ्यात आमचे मामाजी पांदणीत पडले. सासूबाई मागे नव्हत्या, हे नशीब. डाव्या अंगाला गाडी गेली, गार्डचा वळसा आत दबला, पाय पोकळीत राहिला आणि मामाजी स्वतः उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिस्तरीकडे घेऊन गेलो. त्यांना गार्ड सरळ करून हवा होता.

"अबे, गॅसवर तापव अन् दोन घाव हाण. कायले नवा घेऊ?"

मिस्तरी गार्ड काढून हातात घेऊन म्हणाला, "काकाजी, यानं आपलं काम केलं. सरळ केला तं दिसाले सरळ दिसन, पण अंगात जोर राह्यणार नाही. पुढच्या वेळेस याच जागी बसन." मग त्यानं फाउंडेशनचा लांब बोल्ट काढून काचेवर लोळवून दाखवला. बोल्ट मधे उचलला जात होता. वाकला होता, आणि गाडी तशीच घरी आली होती.

मामाजी बराच वेळ त्या बोल्टाकडे पाहत राहिले. नवा गार्ड घ्यायला त्यांनी हो म्हटलं, पण त्याआधी त्यांनी विचारलं की मागचा साडी गार्ड पोराच्या लग्नात काढला होता, तो मिळेल का. तो मिळाला नाही. मिस्तरीनं दुसरा बसवून दिला, आधी तो आणि मग पुढचा. बोल्ट ८.८ चा घातला आणि आकडा मामाजींना दाखवला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तो मी वाचून दाखवला. आठ-पंधरा दिवस गाडी चालली की नट परत आवळून घ्या, पैसे नाही लागत, असं मिस्तरीनं सांगितलं. मामाजींनी ती तारीख कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर, खताच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवली.